हजारातला एक

१

मी रोज सकाळी हजार माणसं तयार करते आणि दुपारच्या जेवणाआधी पुसून टाकते. काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. लोक हसतात, मग मला समजावून सांगावं लागतं.

आमचा खुर्च्यांचा कारखाना आहे. खुर्ची बनवायची तर ती कुणाकुणाला नीट बसेल हे आधी कळायला हवं. दर वेळी हजार लोकांना बोलावून त्यांच्या मांड्या मोजत बसणं कुणाला जमणार? म्हणून मापं आम्ही सॉफ्टवेअरकडून मागतो. पूर्वी कुणीतरी पुष्कळ लोकांची मापं घेऊन ठेवलेली आहेत. त्यांची सरासरी काय, मापं सरासरीच्या अलीकडे-पलीकडे किती पसरतात, लांब मांडीवाल्याचा गुडघाही उंच असतो का, एवढं सॉफ्टवेअरला सांगितलं की ते त्या घंटेसारख्या आकाराच्या वितरणातून रँडम आकडे काढून देतं. एका ओळीत पाच आकडे येतात. बसल्यावर बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची, गुडघ्याची उंची, मांडीची लांबी, खांद्यांची रुंदी आणि छातीची जाडी. एक ओळ म्हणजे एक माणूस. जगात कुठेही नसलेला, पण असू शकला असता असा.

माझी खोली कारखान्याच्या पोटमाळ्यावर आहे. तिच्या एका भिंतीला काच आहे आणि काचेतून खालची सगळी शाळा दिसते. शाळा म्हणजे मिस्त्रींची सुतारशाळा. नमुन्याच्या खुर्च्या तेच करतात आणि दिवसभर हाताखालच्या लोकांना ओरडत असतात. मी जिना उतरले की त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "काय ताई, आज किती जणांना जन्माला घातलंत?"

त्या सकाळी हजार माणसं नेहमीसारखी पडद्यावर आली. ठिपक्यांचं चित्र काढलं तर मधमाश्यांच्या मोहोळासारखा एक गोळा दिसतो. मध्ये दाट, कडेला विरळ. त्या दिवशी गोळ्याच्या खूप वर, अगदी कोपऱ्यात, एक ठिपका एकटाच होता.

मी ओळ उघडली. बाकीची मापं मोठी होती, पण माणसाची होती. बसल्यावरची उंची मात्र बऱ्यापैकी उंच माणूस उभा राहिला तर जेवढा होईल तेवढी. वितरणाच्या शेपटीला कधीतरी असं काहीतरी येतं हे मला ठाऊक आहे. पण हे इतकं लांब होतं की जन्मभर रोज आकडे काढत बसलं असतं तरी यायला नको.

काहीतरी गडबड झाली असेल म्हणून मी ती ओळ काढून टाकली आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी तो ठिपका त्याच जागी होता.

२

रँडम आकड्यांत तोच आकडा पुन्हा येत नाही असं नाही. फाशात सहा दोनदा पडतात. पण दशांशचिन्हानंतर लांबलचक शेपूट असलेले पाच आकडे, पाचही, शेवटच्या अंकापर्यंत तेच येणं म्हणजे एखाद्या समुद्रात थेंब टाकून तोच थेंब परत ओंजळीत घेण्यासारखं आहे.

संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे त्याला कशाचंही आश्चर्य वाटत नाही.

"अगं, बीज तेच राहिलं असणार," तो भेंडी चिरता चिरता म्हणाला. "सॉफ्टवेअर खरं रँडम थोडंच देतं? एका बीजापासून सुरुवात करतं आणि हिशेबाने पुढचे आकडे काढतं. बीज तेच दिलं की पीक तेच येणार."

"मग सगळीच हजार माणसं तीच यायला हवीत ना? बाकीची सगळी नवी आहेत. एकटा हाच जुना आहे."

त्याची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली. "मग तुमच्या संगणकात काहीतरी अडकलंय."

"मालकीणबाईंच्या संगणकावर करून बघितलं. तिथेही आला."

आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आला?" त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रियेची तारीख लांब आहे. तोवर त्यांना उजेड आणि आकार एवढंच दिसतं. पण कान असे तिखट की शेजारच्या घरात चमचा पडला तरी कळतो.

"कुणी नाही आई, आकडा आला," नवरा म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. "हे बघ, तू आकड्यात माणूस बघायला लागलीस. ढगात हत्ती दिसतो ना, तसं. तुला तो नको आहे ना? मग वरची मर्यादा घालून टाक. अमुक उंचीच्या वरचा कुणी आला तर सॉफ्टवेअरने तो फेकायचा आणि दुसरा काढायचा. विषय संपला."

इतकी साधी गोष्ट मला सुचू नये याची मला लाजच वाटली.

३

आमच्या मालकीणबाईंचंही तेच म्हणणं होतं. एका मोठ्या सभागृहाच्या खुर्च्यांचं काम आलं होतं आणि पाठ किती उंच ठेवायची हे माझ्या आकड्यांवरून ठरणार होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो ठिपका पाहिला.

"असा माणूस असतो का गं कुठे?"

"नसतो, बाई."

"मग ठेवायचा कशाला? काढ."

मी मर्यादा घातली. हजार माणसं मागवली. मोहोळ नीट गोल आलं, कोपरा रिकामा होता. मी मोकळा श्वास घेतला आणि सहज, नुसती खात्री म्हणून, उंचीच्या क्रमाने ओळी लावल्या.

सर्वांत वरच्या ओळीत गुडघा तोच होता. मांडी तीच. खांदे तेच, शेवटच्या अंकापर्यंत. बसल्यावरची उंची मात्र कमी झाली होती. मी घातलेल्या मर्यादेला ती अगदी टेकून होती, मध्ये केस शिरणार नाही इतकी. आणि छातीची जाडी वाढली होती.

हे असं का, ते मला लगेच कळलं नाही. मी खुर्चीत मागे रेलले, मग पुन्हा पुढे वाकून पडद्याकडे बघायला लागले. काचेत माझं प्रतिबिंब दिसलं. वाकलं की उंची कमी होते. पाठीला पोक येतं, आणि पुढून मागे मोजलं तर जाडी वाढते.

दार बुटकं केलं, तर माणूस वाकून आत येतो.

मी उठून खिडकी उघडली. खाली रस्त्यावर एक बाई छत्री उलटी झाली म्हणून स्वतःशीच चिडत होती. एक म्हातारा कुत्र्याला ओढत नेत होता. सगळं जागच्या जागी होतं. मी मनाशी म्हटलं, योगायोग. पाचातले तीन आकडे जुने, दोन नवे. योगायोगाला काय, डोळे नसतात.

मग मी खाली गेले, कुणाशी तरी बोलावं म्हणून.

मिस्त्री मापाच्या खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. मापाची खुर्ची म्हणजे लाकडी सांगाडा. गादीची बैठक, पाठ, हात, सगळं पेचांवर वर-खाली होतं आणि बाजूला पट्टीवर खुणा असतात. माणसाला बसवायचं, पेच फिरवायचे आणि माप वाचायचं. काम झालं की मिस्त्री सगळे पेच मधल्या खुणेवर आणून ठेवतात.

"ताई, हिला हात तुम्ही लावलात?"

"नाही हो."

"मग हे कुणाचे उद्योग? काल मधल्या खुणेवर ठेवून गेलो होतो."

मी पट्ट्या वाचल्या. बैठकीची उंची, बैठकीची लांबी, खांद्याशी पाठीची रुंदी. मला वर जाऊन ओळ बघायची गरज नव्हती, ते आकडे मला पाठ झाले होते. डोक्यामागची फळी माझ्या नव्या मर्यादेवर होती.

मिस्त्रींना माझे आकडे माहीत असण्याचं कारण नव्हतं. चेष्टा करायची तरी माणसाला काय करायचं हे कळायला हवं ना.

"असू दे," मिस्त्री पेच सैल करत म्हणाले. "कुणी बसत असेल तर बसो बापडा. बसायलाच तर केलीय."

४

दोन-चार दिवस मी त्या ओळीकडे बघितलंच नाही. बाईंनी आकडे मागितले की द्यायचे आणि चहा प्यायचा. नजरेआड केलं की गोष्ट नाहीशी होते असं नाही, पण जेवण तरी जातं.

मग एका सकाळी मिस्त्री कारखान्याच्या मोठ्या दारातून आत येताना मला काचेतून दिसले. त्या दारातून सामानाची गाडी आत येते. मिस्त्री चौकटीशी आले, थांबले आणि मान खाली घालून, पाठ वाकवून आत शिरले.

आत आल्यावरही ते सरळ झाले नाहीत.

मी खाली गेले. "मिस्त्री, पाठ धरली की काय?"

"धरली नाही ताई. दुखत काहीच नाही." ते वाकूनच रंधा मारत होते. "कसं सांगू? वर काहीतरी आहे असं वाटतं. मान वर केली की डोकं आपटेल."

मी वर बघितलं. छत दोन मजले उंच. लांब तारांना दिवे टांगलेले, तेही कुणाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर.

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. म्हणाला, मणके पोरासारखे आहेत. सरळ उभे राहा. म्हटलं, तुमच्या घरी राहीन, तिथलं छत उंच असेल." आजूबाजूचे लोक हसले. मिस्त्रीही हसले. पण हसताना त्यांनी वर पाहिलं नाही, माझ्या चपलांकडेच पाहत राहिले.

त्याच दिवशी बाईंनी मला बोलावून घेतलं. सभागृहवाल्यांना खुर्चीची पाठ आणखी बुटकी हवी होती. "मर्यादा अजून खाली आण," त्या म्हणाल्या. "फार उंच लोक थोडे वाकून बसतील, त्यात काय."

मी आणली. काम होतं, नाही कशी म्हणणार? आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही होतं.

वरची ओळ नव्या मर्यादेला टेकून होती. जाडी पुन्हा वाढली होती. आता तो नुसता वाकलेला नव्हता, घडी घातल्यासारखा झाला होता. गुडघ्यांत मान घालून बसलेलं कुणीतरी मला त्या पाच आकड्यांत स्पष्ट दिसलं. भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, केवढं दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले ते भावाच्या हाताला धरून. हनुवटी छातीला टेकलेली. रंधा त्यांना धरवत नव्हता. भावाने त्यांना एका कोपऱ्यात स्टुलावर बसवलं आणि ते तिथे जमिनीकडे बघत बसून राहिले. कुणाला ओरडले नाहीत. शाळा एकदम शांत झाली, आणि करवतीचा आवाज चालू असूनही ती शांतता मला वरपर्यंत ऐकू येत होती.

मी जिन्यावर उभी राहून स्वतःला समजावत होते. एका माणसाची पाठ आणि एका पडद्यावरचा आकडा, यांचा संबंध काय? काही नाही. कुठल्याही पुस्तकात नाही. माझ्या नवऱ्याने हे ऐकलं तर तो भेंडीची सुरी खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावून बघेल.

पण संबंध नाही म्हणून मर्यादा काढून बघायलाही हरकत नव्हती. चूक ठरले असते तर फक्त एक आकडा बदलला असता.

५

दुपारी सगळे मागच्या अंगणात जेवायला गेले. मिस्त्रींनाही दोघांनी धरून नेलं. यंत्रं बंद झाली. काचेतून खाली बघितलं तर उन्हाचे लांब पट्टे भुश्यावर पडले होते आणि मधोमध मापाची खुर्ची माझ्याकडे पाठ करून होती.

मी मर्यादा पुसली. बीजही दिलं नाही, सॉफ्टवेअरला म्हटलं तुझं तू ठरव. हजार माणसं मागितली.

तो आला. पहिल्या दिवशी होता तसा, पाचही आकडे. सरळ बसलेला.

मी त्या ओळीकडे बघत असतानाच खालून आवाज आला. लाकडी पेच फिरताना होतो तो. अर्धा फेरा, थांबून आणखी अर्धा. घाई नव्हती.

मी काचेशी गेले. खुर्चीच्या डोक्यामागची फळी वर सरकत होती. पट्टीवरची शेवटची खूण तिने ओलांडली, खाचेतून सुटली आणि भुश्यात पडली. भुसा होता म्हणून आवाज झाला नाही.

मग बैठक करकरली. बराच वेळ बसलेला माणूस उठतो तेव्हा खुर्ची जशी सुस्कारा टाकते, तशी. बैठकीवरची गादी दबलेली होती, हे ती फुगायला लागली तेव्हा मला कळलं.

खुर्चीच्या वर टांगलेला दिवा हलला.

मी म्हटलं ना, ते दिवे कुणाच्या हाताला लागत नाहीत. तो बाजूला ढकलला गेला, कुणीतरी डोक्याला लागू नये म्हणून हळूच सारावा तसा. मग झोके घेऊ लागला. तोवर पुढचा दिवा हलला. मग त्याच्या पुढचा. ओळीने, एकेक, मोठ्या दाराकडे. उन्हाच्या पट्ट्यांत दिव्यांच्या सावल्या डुलत होत्या. त्या सावल्यांमध्ये आणखी एक होती का, हे मी आजही सांगू शकत नाही. मी डोळे मिटले होते. कधी मिटले ते कळलं नाही.

उघडले तेव्हा दिवे जवळजवळ थांबले होते, आणि मिस्त्री मोठ्या दारातून आत येत होते. ताठ. मान मागे टाकून, दोन्ही हात वर ताणत, झोपेतून उठल्यासारखे.

"सुटली!" ते खालूनच ओरडले. "ताई, पाठ सुटली! घास तोंडात होता आणि आपोआप सरळ झालो. त्या डॉक्टरला आता मी सांगतो!" मग खुर्चीकडे नजर गेली. "अरे, ही फळी कुणी पाडली? एक काम धड करत नाहीत लेकाचे!"

त्यांचा तो ओरडा ऐकून मला रडू आलं.

६

त्यानंतर तो ठिपका आला नाही. मर्यादा असो वा नसो, मोहोळ गोल यायचं आणि कोपरा रिकामा असायचा. बाई खूश होत्या, सभागृहाच्या खुर्च्या सुरूही झाल्या. नवऱ्याने विचारलं, "मग, सापडली चूक?" मी म्हटलं, "गेली." तो म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" नक्की काय म्हटलं होतं ते मी विचारलं नाही.

एक विचार मात्र मनातून जात नव्हता. पडद्यावर तो नाही, कारण तो आता तिथे नाही. मग कुठे आहे?

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी घरी आले. नवरा अजून यायचा होता. खिडकीतून उजेड येत होता. सासूबाई बाहेरच्या खोलीत आपल्या पलंगावर लसूण सोलत बसल्या होत्या, कोपऱ्यातल्या मोठ्या खुर्चीकडे तोंड करून.

"आलीस? बरं झालं. तुझ्याकडे कुणीतरी आलंय."

"माझ्याकडे?"

"तुझ्या कारखान्यातला असावा. दार उघडलं तर वाकूनच आत आला. मी म्हटलं, किती नम्र माणूस! हल्ली कोण वाकतं?" त्यांनी सालं ताटात टाकली. "पाणी दिलं तर नको म्हणाला. काम विचारलं, तर काही नाही, नुसतं बसायचंय म्हणाला. मी म्हटलं, बैस बाबा, खुर्ची रिकामीच आहे."

मी उंबऱ्यातच होते. कोपऱ्यातल्या खुर्चीत कुणी नव्हतं.

"आई," मी हळू आवाजात म्हटलं, "तो... बोलला?"

"न बोलायला काय झालं? आवाज गोड आहे. पण गंमत म्हणजे, बसलाय तो, आणि आवाज येतो वरून." त्या खुर्चीकडे बघून हसल्या. "पाठ फार वाकवून बसलाय गं. मला काही नीट दिसत नाही, पण तेवढं कळतं. मी दोनदा म्हटलं, घर आपलंच समज, सरळ बैस. तर म्हणतो, राहू द्या, सवय झालीय."

"तो गेला, आई."

"गेला?" सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी कान दिला. "नाही गं. दार वाजलं नाही."

बाहेर जिन्यावर कुणाचं तरी मूल एकेक पायरी उडी मारत उतरत होतं. मी खुर्चीकडे बघत राहिले. पळावं असं वाटलं, पण सासूबाई आत होत्या, आणि त्यांना एकटं सोडून जाणं काही मला जमलं नसतं. खुर्चीची गादी दबलेली होती. आमच्या घरचं छत बुटकं आहे. सरळ व्हायला इथे त्याला जागा कितीशी होती? पण कुणीतरी घरी आल्यावर त्याला ताटकळत, अवघडून बसवून ठेवायचं, हेही मला बरं वाटेना.

मी म्हटलं, "बसा ना सरळ. इथे कुणी काही म्हणणार नाही."

बराच वेळ काही झालं नाही.

मग खुर्ची करकरली, अगदी सावकाश, पाठीच्या एकेका फळीतून. तो आवाज वर वर गेला. छताजवळ पोचला आणि तिथे थांबला. चुन्याची एक पापडी सुटली आणि गिरक्या घेत खाली आली.

"हं," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढची पाकळी सोलायला घेतली. "आता बसला नीट."